जमीन खाली गेली

आमच्या घरातली सकाळ चिरा तासायच्या आवाजाने व्हायची. बाबा गवंडी. कामावर जायच्या आधी ते खळ्यात उकिडवे बसायचे आणि आदल्या दिवशी मनासारखा न बसलेला एखादा चिरा पुन्हा हातात घ्यायचे. खप, खप, मध्येच थांबून फुंकर, पुन्हा खप. जांभ्याची ती लाल पूड वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची, हंड्याच्या झाकणावर बसायची आणि माझी खात्री आहे की आमच्या पेजेतही उतरायची. आई चुलीपासून ओरडायची, "अहो, पोरीच्या पोटात घर बांधायचा हाय काय?" बाबा मान वर न करता म्हणायचे, "बांधू. पर आधी जोता नीट व्हया." मग ते हात धुऊन आत यायचे. पेज, भाजलेली सुकट, असली तर फणसाची भाजी. पितळी तोंडाला लावून पेज पिताना त्यांच्या गळ्याची घाटी वर-खाली व्हायची ती बघत मी बसायची. आज चहाच्या कपापुढे एकटी बसते तेव्हा मला तीच आठवते.

राजापूरच्या आसपासच्या वाड्यांत बाबांना सगळे भिकाजी गवंडी म्हणत. भिंती कुणीही बांधी, पण कुणाचं जोतं धरायचं असलं की बोलावणं बाबांना यायचं. जोतं म्हणजे घराचा चौथरा. तो बोटभर इकडेतिकडे झाला तर वरचं घर जन्मभर वाकडं. बाबांकडे एक लांब पारदर्शक नळी होती. तिच्यात पाणी भरून ते एक टोक या कोपऱ्यात धरायचे, दुसरं टोक त्या कोपऱ्यात, आणि दोन्हीकडचं पाणी स्थिर होईपर्यंत श्वाससुद्धा बेतानं घ्यायचे. मग पेन्सिलीने रेघ. घरमालक, त्याची बायको, शेजारीपाजारी, सगळे तेवढा वेळ गप्प उभे राहायचे. "पानी खोटा बोलत नाय," असं ते म्हणायचे. आमच्याकडे मिरवण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. बाबांची रेघ चुकत नाही, एवढीच आमची श्रीमंती.

मी उंच झाले ती एकाच वर्षात. सातवीत गेले तेव्हा वर्गातल्या मुलांच्या डोक्यावरून मला फळा दिसायला लागला. आंबे उतरवायच्या दिवसांत बागवाले हाक मारायचे, "सुलू, ये गो, आज झेलो विसरलाव." झेला म्हणजे आंबे काढायची जाळीची काठी. मी चिडायची, घरी येऊन रडायची, आणि आई म्हणायची, "उंच झालीस ता बरा झाला, माळ्यावरचा सामान काढशील." अशा वेळी आमच्या शाळेत कदम सर आले. ते साताऱ्याकडचे, शिकवायचे चित्रकला, पण खेळाचा तासही त्यांच्याच गळ्यात पडला होता. त्यांनी कुठून तरी बास्केटबॉलचं एक पुस्तक आणलं. स्वतः ते हा खेळ कधी खेळले नव्हते. पुस्तकातल्या आकृत्या बघून ते फळ्यावर इतकी सुंदर चित्रं काढायचे की आम्हाला वाटायचं, हा खेळ चित्रातच खेळतात.

शाळेच्या मागे मोकळी जागा होती, एका बाजूला चढ, दुसऱ्या बाजूला उतार आणि उताराखाली पऱ्या, म्हणजे ओढा. दिवाळीच्या सुट्टीत चढाच्या बाजूला बाबांनी सरांच्या सांगण्यावरून एक लोखंडी खांब उभा केला. एकच, दुसऱ्यासाठी लोखंड नव्हतं. रिंग लोहाराने केली, फळी सुताराने, आणि जाळी बाबांनी घरच्या जुन्या झेल्याची सोडवून बांधली. पण चेंडू एकदा टाकला की जो घरंगळायचा तो थेट पऱ्यात. निम्मा तास चेंडू आणण्यातच जायचा. बाबा चिपळूणकडे एका बंगल्याच्या कामावर गेले होते तेव्हा, परीक्षा संपल्यावर, सरांनी श्रमदान काढलं. चढाची माती खणायची, उताराला भरायची. चार दिवस आम्ही पोरांनी घमेली वाहिली. उंच म्हणून मी ओळीच्या शेवटी. घमेलं डोक्यावर घेऊन उताराच्या टोकाला ओतायचं काम माझं. शेवटच्या दिवशी सरांनी सगळ्यांना गूळ-खोबरं वाटलं. मैदान सपाट झालं, आणि पुढची तीन वर्षं मी तिथे संध्याकाळचा एकही दिवस चुकवला नाही. खांबाच्या बुडाशी सिमेंटचा एक चौकोनी ओटा होता. त्यावर बसून आम्ही दम खायचो. त्याच्या बाजू इतक्या खरखरीत, दगड बाहेर आलेल्या, की पोटऱ्या सोलवटायच्या.

पहिल्यांदा आम्ही जिल्ह्याच्या सामन्यांना रत्नागिरीला गेलो तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. एसटीत निम्म्या मुली ओकल्या होत्या. मैदानावर उतरलो आणि मी पहिला चेंडू टाकला तो रिंगच्या वरून, फळीच्याही वरून, मागे बसलेल्या लोकांत गेला. दुसरा तसाच. तिसऱ्याला लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. आम्ही सपाटून हरलो. पण दुसऱ्या अर्ध्यात माझ्या हाताने जमवून घेतलं आणि मग एकेक चेंडू आभाळातून सोडल्यासारखा जाळीत उतरायला लागला. समोरची मुलगी उड्या मारून थकली, तिचा हात चेंडूच्या वाटेत येईचना. सामना संपल्यावर मुंबईहून आलेल्या एक प्रशिक्षक बाई माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझं मनगट हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं, एखादी भाजी निवडून घ्यावी तसं. "इतकं उंच टाकायला कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी मिळालं. सरांनी टेप आणून आमची रिंग मोजली. पाहिजे दहा फूट, भरली सव्वा अकरा. सर कपाळाला हात लावून हसत सुटले, आम्हीही हसलो. मी धावत घरी जाऊन बाबांना सांगितलं, "बाबा, रिंग सव्वा फूट वर लागलीय." बाबा जेवत होते. ताट तसंच सरकवून उठले, हातही पुरते धुतले नाहीत. शाळेच्या मागे जाऊन त्यांनी खांबाभोवती एक फेरी मारली, ओट्यावरून हात फिरवला, मैदानाच्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. मग मला म्हणाले, "खांब बरोबर हाय गो. जमीन खाली गेली." एवढंच. मी तेव्हा पंधरा वर्षांची, नुकतीच मुंबईच्या बाईंनी मनगट धरलेली. मला वाटलं, बाबा चूक कबूल करायला लाजतायत.

त्या बाईंनी मला मुंबईला नेलं. वसतिगृह, मग एका मोठ्या खात्यात खेळाडू म्हणून नोकरी, मग राज्याचा संघ, मग देशाचा. आमच्या वेळी खेळून पोट भरायचं म्हणजे हेच. सकाळी मस्टरवर सही, दुपारी मैदान, संध्याकाळी बर्फाच्या बादलीत पाय. सोळा वर्षं मी त्यावर जगले. संघातल्या बाकीच्या मुली क्लबात वाढलेल्या, त्यांचे वडील मोटारीतून सामने बघायला यायचे. मी बोलले की माझा हेल ऐकून त्या एकमेकींकडे बघायच्या. एकदा बाबा आले होते सामन्याला. स्वच्छ धोतर, टोपी, काखेत पिशवी, पिशवीत माझ्यासाठी आईने केलेले तांदळाच्या पिठाचे लाडू. सामना संपल्यावर ते सरळ मैदानात उतरले आणि रिंगच्या खाली उभे राहून वर बघायला लागले. मी लगबगीने गेले. ते म्हणाले, "हा दहा हाय. नुसत्या डोळ्याला कळता. सुलू, आपला पन दहाच व्हता." मागे माझ्या मैत्रिणी उभ्या होत्या. मी त्यांचा दंड धरून त्यांना जवळजवळ ओढतच बाहेर नेलं. थांब्यावर आलेल्या पहिल्या बसमध्ये बसवून दिलं. लाडू मी वसतिगृहातल्या कपाटात लपवून ठेवले आणि मग त्यांना मुंग्या लागल्या.

त्यानंतरच्या वर्षी आम्ही एक मोठा अंतिम सामना जिंकला आणि वर्तमानपत्राचा माणूस माझ्याशी बोलायला आला. सगळा संघ भोवती. त्याने तोच प्रश्न विचारला, इतका उंच नेम कुठून आला? उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "माझे बाबा गवंडी. त्यांना सगळं जोत्यापासून मोजायची सवय. शाळेची रिंगही त्यांनी जमिनीऐवजी शाळेच्या जोत्यापासूनच मोजली, म्हणून ती सव्वा फूट वर लागली. आणि चूक दाखवली तर मला म्हणतात कसे, खांब बरोबर हाय, जमीन खाली गेली!" शेवटचं वाक्य मी बाबांच्या हेलात म्हटलं. मुली हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी त्यांच्यातली झाले. जोत्याचं ते सगळं मी मनाने जुळवलेलं होतं. बाबांना मी कधी विचारलंही नव्हतं. पण चांगलं जुळलं होतं. चौकटीत, माझ्या फोटोखाली, ठळक अक्षरांत छापून आलं. पुढे प्रत्येक सत्कारात मी तो किस्सा सांगितला, आणि प्रत्येक वेळी लोक तिथेच हसले.

गावाला मी वर्षातून एकदा जायची, तेही दोन-तीन दिवस. एका खेपेला पाहिलं तर बाबा एका कलमांच्या बागेला गडगा घालत होते. गडगा म्हणजे नुसते दगडावर दगड रचून केलेलं कुंपण. ना चुना, ना सिमेंट, ना नळी, ना रेघ. माझ्या बाबांनी गडगा घालावा म्हणजे मुदपाकातल्या आचाऱ्याने शेंगा भाजाव्यात. मी विचारलं, "जोत्याची कामं नाहीत का?" ते म्हणाले, "पाय दुखतत आता. गडग्याला बरा, बसून व्हता." मी मान हलवली. त्या रात्री जेवायला कुळथाची पिठी होती आणि भात, आणि बाबा माझ्या पुढच्या सामन्यांची चौकशी करत होते. नळी माळ्यावर गुंडाळून ठेवलेली मी पाहिली, त्यावर धूळ होती. तरीही मी काही विचारलं नाही. माणसाला जे विचारायचं नसतं ते तो बरोबर विचारत नाही. दोन पावसाळ्यांनंतर बाबा गेले. मी शिबिरात होते, पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. आई तेवढंच म्हणाली, "जास्त तरास नाय झाला त्यांना."

माझा गुडघा गेला तो एका साध्या उडीत, सरावाच्या वेळी, आजूबाजूला कुणी नसताना. त्यानंतर वीसएक वर्षं मी त्याच खात्यात टेबलापाशी बसून काढली. निवृत्त झाल्यावर गावी आईजवळ येऊन राहिले. लग्न केलं नाही. का, ते या प्रकरणात नको. आई आता खूप थकलीय, ऐकू कमी येतं, पण माझं बोलणं तिला ओठांवरून कळतं. गेल्या वर्षी शाळेचे चेअरमन घरी आले. शाळेला नवं मैदान होणार, काँक्रीटचं, दोन्ही बाजूंना खांब, आणि उद्घाटन माझ्या हस्ते. "तुमचा तो किस्सा मात्र सांगायचा हं," जाता जाता ते म्हणाले. "आमच्या पोरांना पाठ आहे."

जुना खांब काढायचं काम चाललं होतं तेव्हा मी बघायला गेले. काम हुसेनभाई नावाच्या वयस्कर गवंड्याकडे होतं. खांब आडवा झाला होता, ओटा अजून जमिनीतच होता. गुडघा दुखत होता म्हणून मी सवयीने त्यावर बसले. हुसेनभाई म्हणाले, "बाई, पायावर कशाला बसताव, खुर्ची आणतो." मी म्हटलं, "पाया कुठला, ओटा आहे हा. आमच्या बाबांनी पोरांना बसायला केलेला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग ओट्यापाशी उकिडवे बसले, अगदी बाबा बसायचे तसे. "भिकाजीच्या हातचा ना? मग ओट्याच्या बाजू त्याने अशा सोडल्या असत्या? ह्या बघा, दगडमातीचे छाप. हा खड्ड्यात ओतलेला माल हाय. वरचं तोंड बघा कसं घोटलंय, जमिनीला अगदी सारखं. जमीन व्हती इथपर्यंत. मागनं कुणीतरी उतरवली." त्यांनी टेप लावून ओट्याची उंची घेतली. मला ती ऐकायची गरज नव्हती. सव्वा फूट.

त्या खरखरीत सिमेंटने सोलवटलेल्या पोटऱ्या मला आठवल्या. चार दिवसांचं श्रमदान आठवलं, गूळ-खोबरं आठवलं. डोक्यावरच्या घमेल्यातून मानेवर सांडणारी माती आठवली. गवंड्याच्या पोटची मी, तीन वर्षं रोज त्या पायावर बसले आणि मला तो पाया दिसला नाही. सरांच्या तरी लक्षात आलं होतं का, कोण जाणे. ते आता विचारायला नाहीत. बाबांच्या लक्षात एका फेरीत आलं होतं. त्यांनी मला सांगितलं होतं, चार शब्दांत, खरं होतं तेवढंच. आणि त्याच चार शब्दांवर मी वर्षानुवर्षं लोकांना हसवलं.

घरी येऊन मी आईच्या समोर बसले. "बाबांना ते छापलेलं कळलं होतं?" आई तांदूळ निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "दोनदा वाचलानी. बाजारात गेले की लोका विचारीत, काय भिकाजी, आज जमीन कुठवर हाय? पयला मस्करीच व्हती. मग शेजारच्या वाडीत एकाचा जोता व्हता, तर त्याने यांच्या रेघेवर दुसरा गवंडी आनून तपासून घेतला. त्या दिसापासून नळी माळ्यावर गेली." मी म्हटलं, "मग त्यांनी सांगितलं का नाही सगळ्यांना?" आई म्हणाली, "मी म्हटला व्हता, जावा, शाळेत जावा, चार मानसांना पाया दाखवा. तर म्हनाले, पोरीचा छापून आलेला, ता बापाने खोटा पाडायचा? ऱ्हांव दे, तिचा नाव व्हतंय." मी विचारलं, "आणि तू? तू का नाही सांगितलंस मला इतकी वर्षं?" तिने सूप खाली ठेवलं. "तू कधी विचारलास?" ती म्हणाली. रागाने नाही, नुसतंच विचारलं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, साठीची बाई, पाय दाराबाहेर जात असलेली. आईचा हात माझ्या केसांत होता आणि हाताला तांदळाच्या कोंड्याचा वास होता.

उद्घाटनाला मांडव भरला होता. पोरं पुढे जमिनीवर, मोठी माणसं खुर्च्यांवर. चेअरमननी माझी ओळख करून दिली आणि म्हणाले, आता बाई तो प्रसिद्ध किस्सा सांगतील. मी उभी राहिले. रात्रभर मनात घोळवलेलं भाषण मी सोडून दिलं आणि सरळ सांगितलं की बाबांची काही चूक नव्हती, मी त्यांच्याबद्दल खोटं बोलले होते. लोक ऐकत होते. मग मी म्हटलं, "खांब बरोबर होता. जमीन खाली गेली होती."

आणि सगळा मांडव हसला. पोरं तर टाळ्या वाजवायला लागली. त्यांना तिथे हसायचं ठाऊक होतं, मीच शिकवलेलं. मी हात वर केला, थांबले, पुन्हा तेच वाक्य म्हटलं. पुन्हा हसले, पहिल्यापेक्षा जास्त. मागे एका कडेला हुसेनभाई उभे होते, तेवढे हसत नव्हते. मग कुणीतरी माझ्या हातात चेंडू दिला आणि फोटोवाला म्हणाला, बाई, टाका. मी टाकला. तो रिंगच्या वरून गेला.

घरी आई वाट बघत होती. "सांगितलास?" तिने विचारलं. "सांगितलं." "काय म्हनाली लोका?" मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "गप्प बसून ऐकलं, आई. सगळ्यांना पटलं." तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "बरा झाला गो. आता छापून पन येऊ दे. ता छापला व्हता तसा."

म्हणून छापते आहे. राजापूरजवळच्या आमच्या शाळेतला बास्केटबॉलचा खांब भिकाजी गवंडी यांनी उभा केला. रिंग जमिनीपासून बरोबर दहा फुटांवर होती आणि पाया जमिनीला सारखा होता. जमीन आम्ही पोरांनी खणून नेली. त्यातली किती घमेली माझ्या डोक्यावरून गेली ते मी मोजलं नव्हतं.